फेरघाव

श्रीनिवास मेहेंदळे यांना काठी लागली ती डाव्या कानशिलावर, भुवईच्या टोकाच्या थोडी वर. काठी आम्रपाली ओव्हाळच्या हातात होती. ती त्यांचीच शिष्या. शनिवारी संध्याकाळी कर्वेनगरमधल्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर लाठीकाठीचं प्रात्यक्षिक चाललं होतं. मैदान भरलेलं होतं, बघणाऱ्यांपैकी निम्म्यांचे फोन वर होते, आणि तरीही नेमकं काय झालं हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

काय व्हायला हवं होतं, हे मात्र नारायण पेठेतल्या त्यांच्या तालमीत प्रत्येकाला माहीत होतं. शेवटी मेहेंदळे वस्ताद रिकाम्या हातांनी मैदानाच्या मधोमध उभे राहणार. आम्रपाली काठी फिरवत येणार आणि पूर्ण वेगाने त्यांच्या कानशिलावर घाव घालणार. काठी कानशिलापासून एक बोट अलीकडे थांबणार. वस्तादांनी पापणीसुद्धा हलवायची नाही. या घावाला तालमीत तमाचा म्हणत. तालमीचं प्रत्येक प्रात्यक्षिक तमाच्याने संपायचं, आणि समोर उभे राहायचे ते कायम मेहेंदळे. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले तरी, सत्तरीला टेकले तरी.

शनिवारी काठी थांबली नाही, किंवा डोकं जागेवर राहिलं नाही. दोन्हींपैकी एक.

दोन्ही बाजूंना झेंडे घेतलेली मुलं दाटीने उभी होती, त्यामुळे बाजूने कोणाला काही टिपता आलं नव्हतं. फोनवर फिरत होता तो व्हिडिओ वस्तादांच्या पाठीमागून काढलेला होता. त्यात काठी येताना दिसते, वस्तादांच्या डोक्याला झटका बसताना दिसतो, आम्रपालीचा चेहरा दिसतो. वस्ताद पुढे सरले का, हे पाठीमागून दिसणं शक्यच नव्हतं. ‘पोरीने वस्तादांचं डोकं फोडलं’ अशा मथळ्यानिशी तो व्हिडिओ रविवारी सकाळपर्यंत सगळ्या पेठांतून हिंडून आला.

वस्तादांचं हाड शाबूत होतं. ते शुद्धीवर होते, बोलत होते, फक्त त्यांना काही आठवत नव्हतं. ताशा वाजत होता, आणि नंतर एकदम रुग्णालयाचं छत. डोक्याला मार म्हटल्यावर रुग्णालयाने नेहमीप्रमाणे पोलीस चौकीला कळवलं होतं. रविवारी दुपारी हवालदार त्यांचा जबाब घ्यायला येणार होते.

त्या जबाबावर आम्रपालीचं बरंच काही अवलंबून होतं. पोलीस भरतीच्या निवड यादीत तिचं नाव लागलं होतं. चारित्र्य पडताळणी बाकी होती. हलगर्जीपणे मारून जखमी केलं असा गुन्हा दाखल झाला, की पडताळणी तिथेच अडकणार. हे भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या प्रत्येक मुलीला पाठ असतं.

सकाळी ती तालमीत आली ती वडिलांबरोबर. सुखदेव ओव्हाळ महापालिकेत कारकून होते. कात्रजहून दोघे स्कूटरवर आले होते. तालमीत उत्तरेश्वर एकटेच होते. ते वस्तादांचे सर्वांत जुने शिष्य. मागच्याच गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती, आणि भुवयांवरचं पीठ न पुसताच ते आले होते.

थोड्या वेळाने सलिल आला. वस्तादांचा एकुलता मुलगा, हिंजवडीत नोकरीला. शनिवारी तो मैदानावर नव्हता. त्याच्याबरोबर श्यामलाबाई, वस्तादांच्या पत्नी, होत्या. तू तालमीत येऊ नकोस असं सलिलने त्यांना दोनदा बजावलं होतं, म्हणून त्या आल्या होत्या.

“काका, मी भांडायला आलेलो नाही,” सलिल उत्तरेश्वरांना म्हणाला. “सांगायला आलोय. दुपारी बाबा जबाब देतील. तो दिला की मी तक्रार देणार.”

“वस्तादांना आठवलं का काही?”

“नाही. पण ते म्हणतात, मी हललो नसणार.”

“आठवत नाही, आणि हललो नसणार.”

“चाळीस वर्षांत ते एकदा तरी हललेत का? तुम्हीच सांगा.”

उत्तरेश्वरांनी जरा विचार केला. “नाही.”

“झालं तर मग.”

आम्रपाली भिंतीला टेकून उभी होती. तिने मान वर केली नाही. सुखदेव पुढे झाले.

“साहेब, पोरीने मुद्दाम केलं असं वाटतं का तुम्हाला?”

“मुद्दाम केलं असं मी म्हणतच नाही. तिला येत नव्हतं. आणि येत नसताना शंभर लोकांसमोर काठी फिरवली.”

“सात वर्षं शिकतेय ती.”

“सात वर्षं शिकून डोकं फुटलं ना?”

“तालमीच्या ग्रुपवर रात्री एकाने लिहिलंय,” सुखदेव शांतपणे म्हणाले, “कोणालाही तालमीत घेतलं की असंच होणार. आता कोणालाही म्हणजे कोणाला, ते मला कळतं. आमच्या घरात सगळ्यांना कळतं.”

“ते मी लिहिलेलं नाही.”

“नाही. तुम्ही त्याच्याखाली काही लिहिलंही नाही.”

सलिलचे कान लाल झाले. श्यामलाबाईंनी मुलाकडे पाहिलं आणि मग तालमीच्या हौद्यातल्या लाल मातीकडे.

“तुला काय वाटतं गं?” त्यांनी आम्रपालीला विचारलं. “कालपासून सगळे बोलतायत. तू सोडून.”

“काकू, मी काठी थांबवली होती असं मला वाटतं.” ती थांबली. “पण वाटतं. हाताला काहीतरी लागलं तेव्हाच कळलं. त्याच्या आधीचं मला सांगता येत नाही. माझाच हात चुकला असेल, तर मी पुन्हा काठी धरणार नाही. पण चुकला का, तेच कळत नाहीये.”

हे ऐकून उत्तरेश्वर कोपऱ्यात गेले आणि फळी घेऊन हौद्यातली माती ओढायला लागले. मधला भाग त्यांनी सपाट केला. मग फळी भिंतीला लावून ठेवली.

“एक मार्ग आहे,” ते म्हणाले. “फेरघाव.”

सलिलने तो शब्द लहानपणी ऐकला होता, पाहिलं कधीच नव्हतं. उत्तरेश्वरांनी एकदा पाहिलं होतं, तेही तरुणपणी. ज्याच्या काठीने माणूस जखमी होतो, त्याने तोच घाव, त्याच वेगाने, जखमी माणसाच्या घरच्या एकावर घालायचा. काठी एक बोट अलीकडे थांबली, तर हात निर्दोष. घरच्यांनी त्याबद्दल पुन्हा बोलायचं नाही. काठी लागली, तर त्या हाताने पुन्हा काठी धरायची नाही, आणि घरचे काय करतील ते करतील.

“म्हणजे बाबांचं डोकं फुटलं, आता माझं फोडून बघायचं,” सलिल म्हणाला. “उत्तम पद्धत आहे. कोणाच्या डोक्यातून निघाली?”

“ज्यांची डोकी शाबूत राहिली त्यांच्या,” उत्तरेश्वर म्हणाले. “तुझ्यावर जबरदस्ती नाही. घरचं कोणीही चालतं.”

“घरचं आहे कोण आणखी?”

“मी आहे की,” श्यामलाबाई म्हणाल्या, आणि चप्पल काढून हौद्याच्या काठावर चढल्या.

“आई, काहीही काय!”

“काहीही काय म्हणजे? चाळीस वर्षं ह्यांना डबा देऊन प्रात्यक्षिकाला पाठवलंय. एकदा बघू तरी समोर उभं राहून काय वाटतं ते.”

“वहिनी, साडी आवरून घ्या,” उत्तरेश्वर गंभीरपणे म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

“मी नाही मारणार,” आम्रपाली एकदम म्हणाली. “काकूंवर नाही.”

“मग माझ्यावर मार,” सलिल म्हणाला. तो चिडला होता. त्याने बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले. “काठी लागली की विषय संपला. पुढचं चौकीत. बरोबर ना काका?”

“आणि नाही लागली तर?”

“तर मी बाबांना सांगेन, तक्रार नको.”

सुखदेवांनी मुलीचा दंड धरला. “आमू, नको. चल घरी. चौकीत काय व्हायचं ते होऊ दे. हे आणखी एक डोकं आपल्या अंगावर घ्यायचं नाही.”

तिने वडिलांचा हात हळूच सोडवला. “पप्पा, चौकीत काय होईल ते होईल. पण मला माझ्या हाताचं काय ते आजच कळायला पाहिजे.”

शनिवारची काठी पोलिसांनी नेली होती. उत्तरेश्वरांनी खुंटीवरच्या तीन काठ्या तिच्यासमोर धरल्या. तिने पहिली घेतली, मधोमध बोटावर तोलली, परत दिली. दुसरी जरा वाकडी होती. तिसरी तिने ठेवली. काठी कानाइतकी उंच, वेळूची, तेल पिऊन काळपट झालेली.

उत्तरेश्वरांनी अंगठ्याने मातीत एक आडवी रेघ ओढली. “बोटं रेघेला. हात खाली. डोळे उघडे. ती येईल तेव्हा श्वास धरू नकोस.”

“चष्मा काढा, दादा,” आम्रपाली म्हणाली.

सलिलने चष्मा काढून आईकडे दिला. चष्म्याशिवाय त्याला आम्रपाली दिसत होती, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

आधी माप घ्यायचं असतं. ती त्याच्यासमोर आली, पाय रोवले आणि काठी सावकाश, अगदी सावकाश त्याच्या डाव्या कानशिलापर्यंत नेली. टोक त्याच्या कातडीला टेकलं. वेळू गार होता. सलिलच्या मानेवर काटा आला. तिने काठी बोटभर मागे घेतली, तिथे क्षणभर धरली, आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग पायाकडे. आणि उलट पावली चालत हौद्याच्या टोकापर्यंत मागे गेली.

उत्तरेश्वर बाजूला, रेघेच्या बरोबर समोर उभे राहिले. सुखदेव दारात. श्यामलाबाईंनी चष्मा मुठीत घट्ट धरला होता, आणि बोटांचे ठसे काचेवर उमटत होते त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“बोला म्हणजे येते,” आम्रपाली म्हणाली.

“तू तुझी ये,” उत्तरेश्वर म्हणाले. “कोणी बोलणार नाही.”

तिने काठी फिरवायला सुरुवात केली. आधी एका हाताने, मग दोन्ही. बंद जागेत काठीचा आवाज वेगळा येतो. मैदानावर तो ताशात बुडतो. इथे प्रत्येक फेरा ऐकू येत होता. फेरे जवळजवळ येत गेले, मग एकच सलग घोंगावणं उरलं. ती पुढे निघाली. डावा, उजवा, डावा. सलिलने डोळे उघडे ठेवले. श्वास धरू नये हे त्याला आठवत होतं आणि तो श्वास धरून उभा होता.

ती शेवटचं पाऊल टाकून वळली आणि काठी तिच्या उजव्या खांद्यावरून सुटली.

आवाज झाला तो ओल्या कपड्यावर धोपटणं मारल्यासारखा. सलिल डाव्या बाजूला कलला आणि एका गुडघ्यावर आला. आम्रपालीच्या हातातून काठी गळून मातीत पडली. तिने तोंडावर हात दाबला.

“लागली,” सुखदेव दारातून म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. “संपलं.”

काठी डोक्याला लागली नव्हती. डाव्या खांद्यावर बसली होती. सलिल खांदा दाबून उठला. दुखण्यापेक्षा राग जास्त होता.

“बघितलंत? बघितलंत ना सगळ्यांनी? मी पुतळ्यासारखा उभा होतो. जराही हललो नाही. आणि काठी कुठे आली? हिला थांबवता येत नाही! बाबा बरोबरच सांगतायत.”

उत्तरेश्वरांनी आम्रपालीकडे पाहिलं नाही. ते मातीकडे बघत होते.

“काका, बोला ना. लागली की नाही?”

“सलिल,” श्यामलाबाई म्हणाल्या, “जरा खाली बघ.”

“काय?”

त्यांनी चष्मा पुढे केला. “हा लाव आणि खाली बघ.”

सलिलने एका हाताने चष्मा लावला. रेघ त्याच्या मागे होती. तो पडताना सरकला असेल म्हणून त्याने मातीतले ठसे पाहिले. रेघेला लागून दोन पावलं शेजारी शेजारी उमटली होती. तिथून डावं पाऊल निघालं होतं आणि वीतभर पुढे, आम्रपालीच्या दिशेने, टाचेसकट खोल रुतलं होतं. गुडघा टेकल्याची खूण त्याच्याही पुढे होती. आधी पाऊल, मग गुडघा. माती नुकतीच सपाट केलेली होती. दुसऱ्या कोणाचा ठसा तिथे असणं शक्य नव्हतं.

“हे मी...” तो म्हणाला. “नाही. मी उभा होतो.”

“काठी निघाली आणि तुझी टाच उचलली,” उत्तरेश्वर म्हणाले. “मी इथूनच बघत होतो.”

“मला कळलं असतं.”

“कळलं नाही ना पण?”

सलिलने पुन्हा पावलाकडे पाहिलं. त्याने आपलं डावं पाऊल उचलून त्या ठशात ठेवलं. बरोबर बसलं.

“घाबरलेला माणूस मागे सरतो,” उत्तरेश्वर म्हणाले. “मागे सरला की काठी त्याच्यासमोरून निघून जाते, काही होत नाही. तू पुढे गेलास. काठीच्या आत. हे आपोआप कोणाला येत नाही, शिकावं लागतं. तुला कोणी शिकवलं?”

“बाबांनी,” सलिल म्हणाला. “सहावीत असेन. गच्चीत, वर्तमानपत्राची सुरळी करून मारायचे. म्हणायचे, काठीचा सगळा जोर टोकाला असतो, मुठीजवळ काही नसतो. घाव आला की मागे पळू नकोस, आत ये. दहावीत मी सोडून दिलं. मला वाटलं, विसरलो.”

“तो लढण्याचा धडा. प्रात्यक्षिकात उलटं. तिथे मेलं तरी जागा सोडायची नाही.” उत्तरेश्वरांनी काठी उचलून माती झटकली. “काठी जिथे थांबते तिथे बाजूला डोकं असतं. डोकं पुढे आलं, की ते काठीच्या वाटेतच येतं. मग थांबवणारा काय थांबवणार?”

“पण बाबा चाळीस वर्षं उभे राहिले. कालच का?”

“ते मला नाही सांगता येणार. वय असेल. दुपारपासून उन्हात उभे होते.” त्यांनी आम्रपालीकडे पाहिलं. “किंवा चाळीस वर्षं आम्ही सगळे त्यांच्यावर घाव घालायचो ते सांभाळून. वस्ताद समोर आहेत हे कुठेतरी हाताला माहीत असायचं. हिचा घाव त्यांच्या अंगाला खरा वाटला असेल. अंगाने अंगाचं काम केलं. माझा अंदाज आहे, पुरावा नाही.”

आम्रपाली हौद्याच्या काठावर बसली होती. तिच्या हातांना कंप सुटला होता आणि ती ते मांडीखाली दाबून बसली होती.

“खांद्यावर कशी आली?” श्यामलाबाईंनी तिला विचारलं.

“पाय दिसला काकू. टाच उचललेली. मग काठी खाली ओढली. पूर्ण नाही ओढता आली.”

“काल नाही दिसला पाय?”

“काल मी डोळ्यांकडे बघत होते. वस्तादांनीच सांगितलंय, डोळ्यांकडे बघायचं, डोळे हलले तर घाव सोडून द्यायचा. त्यांचे डोळे नव्हते हलले.”

उत्तरेश्वरांनी घसा साफ केला. “उभा राहणारा हलला तर फेरघाव धरत नाहीत. पुन्हा घालावा लागतो. नियमाने—”

“उत्तरेश्वर,” श्यामलाबाई म्हणाल्या, “दोन दिवसांत एका घरातली दोन माणसं पुरे झाली. त्या हातांकडे बघा तिच्या. आणि ह्याच्या खांद्याला बर्फ लावायचाय. नियम पुढच्या रविवारी.”

सलिलने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “आई, हवालदार पोचले असतील. बाबा सही करून मोकळे होतील.”

रुग्णालयात पोचले तेव्हा हवालदार मच्छिंद्र शेळके वस्तादांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. मांडीवर पॅड, पॅडवर लिहून झालेला कागद. आम्रपाली आणि सुखदेव मागोमाग आले होते, पण दाराबाहेरच थांबले. बाकावर बसायचंही त्यांनी टाळलं.

“वाचून दाखवतो,” शेळके म्हणत होते. “मी माझ्या जागेवर स्थिर उभा होतो. मी हललो नाही. सदर मुलीने मारलेली काठी मला लागली. बरोबर?”

“बरोबर,” वस्ताद म्हणाले. डोक्याला पट्टी होती, डावा डोळा सुजून जवळपास मिटला होता, पण आवाज वर्गातला होता. “सही कुठे?”

“थांबा बाबा,” सलिल म्हणाला.

“तू कशाला थांबवतोस? तूच म्हणत होतास ना, लवकर उरका?”

“सही करू नका. तसं झालं नाहीये.”

शेळक्यांनी पेनला टोपण लावलं. “तुम्ही मुलगा ना? मैदानावर होतात?”

“नव्हतो.”

“मग? जखमी माणूस स्वतः सांगतोय, हललो नाही. तुम्ही तिथे नव्हतात आणि सांगताय, हलले.”

“त्यांना माहीत नाहीये. मलाही नव्हतं.”

“काय नव्हतं?”

सलिलला पुढे कसं सांगावं कळेना. त्याने डावा हात पोटाशी धरला होता. वस्तादांचा उघडा डोळा त्या हातावर गेला.

“खांद्याला काय झालं?”

“काही नाही.”

“शर्ट काढ.”

“बाबा, इथे—”

“काढ म्हणतो ना.”

सलिलने बटणं सोडली. श्यामलाबाईंनी बाही ओढायला मदत केली. खांद्याच्या वरच्या हाडापासून तिरका खाली दंडावर वळ उठला होता, लाल आणि कडेला निळसर. शेळके स्टुलावरून अर्धवट उठले.

वस्तादांनी त्याला जवळ ओढलं आणि वळावरून बोट फिरवायला सुरुवात केली. दाबत, थांबत, जसं लहान मुलाच्या चित्रातली रेघ तपासावी तसं. सलिलने दात आवळले.

“काठीच आहे,” ते म्हणाले. “कोणता घाव?”

“तमाचा.”

“कोणी घातला?”

“आम्रपालीने. आज सकाळी.”

“आज सकाळी?” शेळके म्हणाले. “पुन्हा?”

“जरा गप्प बसा हो,” वस्ताद म्हणाले. त्यांचं बोट खांद्यावर वरच्या टोकाला परत आलं. “तमाचा कानशिलावर येतो. हा वरून कलता खाली गेलाय. तिने ओढला. घाव सुटल्यावर ओढला.” ते थोडं थांबले. “उत्तरेश्वरला अजून जमत नाही ते.”

मग त्यांनी वळाची रुंदी अंगठ्याने मापली. एकदा, पुन्हा एकदा.

“टोकाचा नाहीये हा. टोक लागलं की कातडी फाटते. हा मधल्या पेराचा आहे, सपाट. तू आत आलास.”

“हो.”

“जागा सोडलीस.”

“हो. आणि मी उभाच होतो असं मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो. आईने दाखवलं तेव्हा कळलं.”

वस्तादांनी हात उचलला आणि बोटं स्वतःच्या पट्टीवर ठेवली. पट्टीवरूनच कानशील चाचपलं. सूज कुठून कुठे गेली आहे ते पाहिलं, कडेकडेने, न दाबता.

“टाके किती पडले?” त्यांनी श्यामलाबाईंना विचारलं.

“पडलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, कातडी फारशी फाटली नाही, नुसती सूज मोठी आहे. काल दोनदा सांगितलं मी तुम्हाला.”

“मला काल काय आठवणार?”

“तेच म्हणतेय मी.”

बाहेर कोणाच्या तरी स्ट्रेचरची चाकं वाजत गेली. वस्ताद छताकडे बघत राहिले. त्यांची बोटं पट्टीवरून खाली आली नव्हती. हवालदार बापलेकांकडे आळीपाळीने पाहत होते आणि यातलं काय कागदावर येतं याचा त्यांना अंदाज लागत नव्हता.

“ते मधलं वाक्य खोडा,” वस्ताद शेवटी म्हणाले.

“कोणतं?”

“हललो नाही, ते. आणि स्थिर उभा होतो, तेही.”

“मग काय लिहू? हललो?”

“तसं कसं लिहाल? मला आठवत नाही. लिहा, आठवत नाही. जे खरं आहे ते लिहा.”

“आणि तक्रार?” शेळक्यांनी सलिलकडे पाहिलं.

“नाही,” सलिल म्हणाला.

“आणि हे खांद्याचं?”

“मीच पुढे गेलो.”

“घरातल्या सगळ्यांना पुढे जायची सवय दिसते,” शेळके म्हणाले आणि दोन्ही वाक्यांवर आडवी रेघ मारली. “अपघात म्हणून नोंद होईल. खोडलंय तिथे बाजूला सही लागेल.”

वस्तादांनी सही केली. अक्षर नेहमीचं होतं, गोल आणि सुटं. कागद परत देताना त्यांना दारातून बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी ते तिकडेच बघत होते.

“ती आलीये का?”

“आहे बाहेर,” सलिल म्हणाला. “सकाळपासून बरोबर आहे.”

“मग आत का आली नाही?”

“तुम्ही बोलावलं नाहीत म्हणून,” श्यामलाबाई म्हणाल्या.